इथे बांधायचे, तिथे चालवायचे : ग्राफिक्स लायब्रऱ्यांच्या क्रॉस-कंपायलेशनची प्रस्तावना

ज्या संगणकावर प्रोग्राम चालवायचा त्याच संगणकावर तो कंपाइल करायचा, अशी सवय आपल्याला शिकतानाच लागते आणि बहुतेकांना पुढे ती मोडावी लागत नाही. पण खिशातला फोन, मोटारीतला वेग दाखवणारा पडदा, रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर यांच्यावर जे दिसते, ते उमटवणारे सॉफ्टवेअर त्या यंत्रांवर तयार झालेले नसते. 2012 साली पहिला रास्पबेरी पाय आला, तेव्हा त्यात 700 मेगाहर्ट्‌झचा एक आर्म प्रोसेसर आणि 256 मेगाबाइट मेमरी होती. त्रिमिती चित्रे काढण्याची ताकद त्याच्या ग्राफिक्स चिपमध्ये होती. मात्र ती चिप वापरणाऱ्या लायब्रऱ्या त्याच बोर्डवर कंपाइल करायला घेतल्या तर तासन्‌तास जात, आणि सी-प्लस-प्लसची एखादी मोठी फाइल आली की मेमरीच पुरत नसे. साहजिकच हे काम टेबलावरच्या ताकदवान संगणकाकडे जाते. तिथे कंपाइल करायचे आणि तयार झालेली लायब्ररी बोर्डवर नेऊन चालवायची, याला क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. या कामात बिल्ड का मोडते आणि ते दुरुस्त कसे करायचे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे असे मी मानतो, आणि त्याच्या दाराशी आलेल्या वाचकाचे मनापासून स्वागत करतो.

याला अभ्यासाचा विषय म्हणायला काहींची हरकत असेल. बिल्ड मोडले की त्रुटीचा संदेश शोधायचा, कुणी सुचवलेला फ्लॅग लावून पाहायचा, तो लागू पडला नाही तर दुसरा, अशी या कामाची रूढ रीत आहे. त्या रीतीने कधीकधी बिल्ड पार पडते, पण पुढच्या लायब्ररीपाशी माणूस पुन्हा तितकाच अडाणी असतो. वास्तविक या अडचणी वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट असते : एका यंत्राविषयी खरे असलेले विधान नकळत दुसऱ्या यंत्राला लावले गेलेले असते. ते विधान कोणते, ते कुणी केले आणि बिल्डच्या कोणत्या पायरीवर केले, हे शोधता आले की दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. शोधाला मात्र वेळ लागतो, आणि ही प्रस्तावना त्या शोधाविषयी आहे.

या अडचणी ग्राफिक्स लायब्रऱ्यांमध्ये इतक्या दाट का, हे आधी पाहू. पडद्यावर चार अक्षरे आणि एक चित्र दाखवायचे तर झेडलिब, तिच्यावर लिबपीएनजी, अक्षरांच्या आकारांसाठी फ्रीटाइप, ती अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ, पिक्सेलच्या हिशेबासाठी पिक्समन, रेखाटनासाठी कैरो आणि मजकुराच्या मांडणीसाठी पँगो, अशी साखळी लागते. प्रत्येक कडी वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळात, वेगळ्या बिल्ड प्रणालीत लिहिलेली. शिवाय या लायब्रऱ्या एकाच वेळी यंत्राच्या दोन टोकांना चिकटलेल्या असतात. खालच्या टोकाला वेगासाठी थेट असेंब्लीत लिहिलेले भाग असतात, इंटेलसाठी वेगळे आणि आर्मच्या निऑन सूचनांसाठी वेगळे. वरच्या टोकाला विंडो प्रणाली आणि ड्रायव्हर असतात, तेही यंत्रागणिक निराळे. ग्राफिक्स लायब्रऱ्यांना विंडो प्रणालीशी जोडणाऱ्या ईजीएलच्या एका हेडरचेच पाहा. खिडकीचा प्रकार कोणता, हे तो प्लॅटफॉर्म पाहून ठरवतो. लिनक्सवर काही सांगितले नाही तर त्याच्या अनेक आवृत्त्या एक्स-11 या विंडो प्रणालीची हेडरे ओढून आणतात. ज्या उपकरणावर एक्स-11 नाहीच तिथे बिल्ड थांबते, आणि जिथे आहे तिथे त्या हेडरांतले ‘नन’, ‘बूल’, ‘स्टेटस’ असे साधे मॅक्रो तुमच्या कोडमधल्या त्याच नावांवर आदळतात.

आता यंत्रे किती आणि कोणती, ते पक्के करू. जीएनयूच्या परंपरेत तीन नावे आहेत. ज्याच्यावर कंपायलर धावतो ते बिल्ड यंत्र, तयार झालेला कोड जिथे चालणार ते होस्ट, आणि तयार होणारी वस्तू स्वतःच कंपायलर असेल तर तो ज्याच्यासाठी कोड बनवणार ते टार्गेट. लायब्ररीच्या कामात तिसऱ्या नावाची गरज पडत नाही. नवखा माणूस समोरच्या संगणकाला होस्ट समजतो आणि बोर्डला टार्गेट. कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणाऱ्या ऑटोकॉन्फला मात्र बोर्डचे नाव होस्ट म्हणून हवे असते. हे एकदा उलटे पडले की कॉन्फिगर स्क्रिप्टला क्रॉस-कंपायलेशन चालले आहे हेच कळत नाही, आणि पुढचे सगळे अंदाज ती समोरच्या संगणकाविषयी बांधते.

हे अंदाज बांधण्याचे शास्त्र 1991 च्या सुमारास ऑटोकॉन्फपासून रुजले. त्या काळी युनिक्सच्या डझनभर जाती होत्या आणि कोणत्या जातीत कोणते फंक्शन आहे याची खात्रीची यादी कुणाकडे नव्हती. म्हणून स्क्रिप्टने लहान लहान प्रोग्राम लिहायचे, ते कंपाइल करून पाहायचे आणि लागले तर चालवून उत्तर मिळवायचे, अशी युक्ती निघाली. नुसते कंपाइल होते की नाही हा प्रश्न क्रॉस-कंपायलेशनमध्येही विचारता येतो. चालवून पाहणे मात्र शक्य नसते, कारण आर्मसाठी बनलेला प्रोग्राम इंटेलच्या संगणकावर धावत नाही. अशा वेळी स्क्रिप्ट एक तर थांबते, नाही तर मनाने उत्तर धरून चालते.

मनाने धरलेल्या उत्तराचे गाजलेले उदाहरण म्हणजे मॅलॉकची चाचणी. शून्य बाइट मागितले तर मॅलॉक काय परत करतो, एवढेच तिला पाहायचे असते. क्रॉस-कंपायलेशनमध्ये पाहता आले नाही आणि प्रणालीची ओळख ऑटोकॉन्फच्या यादीत नसली, तर जुन्या आवृत्त्या वाईटात वाईट गृहीत धरतात आणि सगळ्या कोडमध्ये मॅलॉकच्या जागी ‘आरपीएल_मॅलॉक’ हे नाव घालतात. पर्यायी फंक्शन बहुतेक लायब्रऱ्यांनी लिहिलेलेच नसते. अँड्रॉइडसाठी लायब्ररी बांधणाऱ्या कितीतरी जणांना लिंकरने हे अनोळखी नाव सापडत नसल्याचे सांगितले आहे, आणि ते नाव आपल्या कोडमध्ये कुठेच नाही हे पाहून ते चक्रावले आहेत. उपाय सोपा आहे. खरे उत्तर आपल्याला ठाऊक असते. ते कॅश व्हेरिएबलमधून स्क्रिप्टला आधीच सांगायचे. स्क्रिप्टला जे पाहता येत नाही ते तिला सांगणे हे बिल्ड करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

चालवता येत नसेल तर न चालवता कसे कळावे, याचा एक अतिशय सुंदर नमुना कैरोमध्ये होता आणि त्यावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. कैरो निर्देशांक साठवते ते 32 बिटांच्या अचल बिंदूच्या रूपात, त्यातले 8 बिट अपूर्णांकाचे. दशांश संख्येचे असे रूपांतर झटपट व्हावे म्हणून तिने एक युक्ती केली आहे : संख्येत एक ठरावीक मोठी संख्या मिळवायची, म्हणजे हवे असलेले बिट आपोआप खालच्या अर्ध्या भागात येऊन बसतात, आणि मग तो अर्धा भाग सरळ उचलायचा. पण 64 बिटांच्या दशांश संख्येचे दोन अर्धे मेमरीत कोणत्या क्रमाने असतात? बाइटचा क्रम माहीत असला की हाही कळतो असे वाटेल. ते खरे नाही. आर्मच्या जुन्या एफपीए पद्धतीत प्रत्येक शब्दातले बाइट लहान टोकाकडून असत आणि दोन शब्द मात्र मोठ्या टोकाकडून. त्या यंत्रावर चुकीचा अर्धा उचलला असता तर पडद्यावरचा प्रत्येक बिंदू भलतीकडे गेला असता.

हा क्रम यंत्र न चालवता शोधायचा, यासाठी चाचणीत दोनशेहून अधिक अंकांची एक प्रचंड दशांश संख्या लिहिलेली आहे. ती अशी बेतलेली की तिचे आठ बाइट आस्की अक्षरे म्हणून वाचले तर ‘नून’ आणि ‘सीज’ असे दोन इंग्रजी शब्द मिळतात. दोन्ही चार अक्षरी आणि दोन्ही उलटसुलट सारखेच. त्यामुळे शब्दांतर्गत बाइट कोणत्याही क्रमाने असले तरी फरक पडत नाही. दोहोंपैकी कोणता शब्द आधी येतो एवढेच उरते, आणि नेमके तेच हवे असते. फाइल फक्त कंपाइल करायची आणि तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये ती अक्षरे शोधायची. यंत्राविषयीची माहिती यंत्राला न विचारता, त्याच्यासाठी बनलेल्या वस्तूतून वाचून घ्यायची, ही कल्पना मला या क्षेत्रातल्या उत्तम कल्पनांपैकी एक वाटते.

पुढे तीच चाचणी मोडू लागली, आणि का मोडली हेही शिकण्यासारखे आहे. लिंक करतानाच सगळे ऑप्टिमायझेशन करायचे असा फ्लॅग वितरणांनी वापरायला सुरुवात केल्यावर ऑब्जेक्ट फाइलमध्ये यंत्राचा कोड न राहता कंपायलरचे मधले रूप राहू लागले. संख्या होती, पण तिचे ते आठ बाइट सलग दिसेनात. चाचणीला दोन्ही शब्द सापडत नसत आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट दशांश शब्दांचा क्रम कळत नसल्याचे सांगून थांबे. संदेश वाचून माणूस प्रोसेसरविषयी विचार करत बसतो, आणि दोष असतो एका ऑप्टिमायझेशनच्या फ्लॅगमध्ये. ऑब्जेक्ट फाइलमध्ये यंत्राचा कोड असतो, हे चाचणीत कुठेही न लिहिलेले पण गृहीत धरलेले विधान होते. अशी न लिहिलेली विधाने ओळखता येणे, हीच या विषयातली खरी विद्या.

कैरोची 1.18 ही आवृत्ती 2023 मध्ये आली ती ऑटोकॉन्फ मागे टाकून फक्त मेसन या नव्या बिल्ड प्रणालीवर. ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संग्रह असलेल्या मेसाने तो बदल 2019 मध्येच पूर्ण केला होता. मेसनमध्ये क्रॉस-कंपायलेशन ही मूळची सोय आहे. कंपायलर कोणता, प्रोसेसर कोणता, पॅकेजे कुठे शोधायची हे एका क्रॉस फाइलमध्ये लिहायचे, आणि एखादे साधन बिल्ड यंत्रासाठी हवे असेल तर तसे नोंदवायचे. तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. कैरोला शेअर्ड मेमरीच्या एका वागणुकीविषयी विचारायचे असते : पुसून टाकण्याची खूण केलेल्या तुकड्याला नंतरही जोडून घेता येते का? हे चालवूनच कळते, म्हणून उत्तर क्रॉस फाइलमध्ये लिहून द्यावे लागते.

इथे कुणी म्हणेल, क्यूईएमयू वापरा. 2003 पासून उपलब्ध असलेले हे साधन आर्मचा एकेकटा प्रोग्राम इंटेलच्या लिनक्सवर चालवू शकते, आणि मेसन व सीमेक दोघांनाही त्याची ओळख आहे. मी स्वतः ते आनंदाने वापरतो. पण त्याचे उत्तर कुणाविषयी आहे हे विसरायचे नाही. या पद्धतीत सूचना आर्मच्या असतात, कर्नल मात्र समोरच्या संगणकाचाच असतो. शेअर्ड मेमरीचा वरचा प्रश्न क्यूईएमयूखाली विचारला तर उत्तर तुमच्या टेबलावरचा कर्नल देतो. दोन्हीकडे लिनक्स असेल तर निभते. उपकरणावर दुसरीच कार्यप्रणाली असेल तर निभत नाही.

चालवून पाहता न येण्याच्या या अडचणी हा पहिला वर्ग; अडचणींचा दुसरा मोठा वर्ग वेगळ्या स्वभावाचा आहे. काही लायब्रऱ्या बांधताना आधी एक छोटे साधन बांधतात, ते चालवतात आणि त्यातून निघालेला कोड पुढे कंपाइल करतात. फ्रीटाइप बाहेर दिसणाऱ्या फंक्शनांची यादी काढायला ‘एपीआयनेम्स’ नावाचे साधन बनवते. म्हणून तिला बिल्ड यंत्रासाठीचा दुसरा कंपायलर वेगळा सांगावा लागतो. वेलँड या विंडो प्रणालीचे प्रोटोकॉल एक्सएमएलमध्ये लिहिलेले असतात आणि त्यांचा सी कोड वेलँड-स्कॅनर बनवतो. तो बोर्डसाठी बांधला गेला तर पुढच्याच पायरीला तो चालत नाही. मेसामध्ये कोड बनवणारे बहुतेक भाग पायथॉनमध्ये आहेत, त्यामुळे ते कुठेही चालतात, आणि हा निर्णय पोर्टिंग करणाऱ्यांवर मोठा उपकार आहे. पण एलएलव्हीएम ही कंपायलरची लायब्ररी हवी असली की ‘एलएलव्हीएम-कॉन्फिग’ आडवे येते. बोर्डवरच्या फाइलींच्या प्रतीतले ते साधन आर्मचे असल्याने इथे चालत नाही. आणि इथले चालवले तर ते इथल्या एलएलव्हीएमचे पत्ते देते. इंटेलच्या ड्रायव्हरांसाठी ओपनसीएलचा कोड बिल्डच्या वेळीच कंपाइल करावा लागतो, म्हणून अलीकडच्या मेसामध्ये ‘मेसा-सीएलसी’ हे साधन आधी वेगळे बांधून ठेवण्याचा पर्याय दिला आहे. क्यूट-6 तर स्वतःची एक संपूर्ण प्रत बिल्ड यंत्रावर आधी मागते.

तिसरा वर्ग गळतीचा. बोर्डवरच्या फाइलींची प्रत आपण एका फोल्डरमध्ये ठेवतो, ते सिसरूट. कंपायलरने हेडरे आणि लायब्रऱ्या फक्त तिथूनच घ्याव्यात अशी अपेक्षा असते. ती मोडायला अनेक वाटा आहेत. पीकेजी-कॉन्फिगला सिसरूटचा पत्ता ‘पाथ’च्या व्हेरिएबलमधून दिला तर तो शोधाच्या यादीत नुसता वाढतो, यादीत समोरच्या संगणकाचे पत्ते तसेच राहतात; ‘लिबडिर’च्या व्हेरिएबलमधून दिला तर जुनी यादी बाजूला सारली जाते. हा फरक पाठ असायला हवा. लिबटूलच्या ‘एलए’ फाइलींमध्ये पूर्ण पत्ते लिहिलेले असतात आणि लिंकर त्या पत्त्यांनी थेट इथल्या ‘यूएसआर-लिब’मध्ये पोचतो. बोर्डवरून प्रत घेताना सिमलिंकही तशाच येतात. त्यातल्या ज्या मुळापासूनच्या पूर्ण पत्त्याच्या असतात त्या इथे आल्यावर इथल्याच फाइलींकडे बोट दाखवतात. त्या सापेक्ष करून घ्याव्या लागतात.

गळती लायब्ररीची असेल तर लिंकर ओरडतो : विसंगत फाइल वगळत आहे, किंवा फाइलचा प्रकार चुकीचा आहे. हे संदेश दिसले की समाधान मानावे. गळती हेडरची असेल तर कुणीही ओरडत नाही. इथल्या लिबपीएनजीचे हेडर आणि तिथली लायब्ररी यांच्या आवृत्त्यांत फरक असेल, तर बिल्ड सुरळीत होते आणि प्रोग्राम बोर्डवर जाऊन पडतो.

न ओरडणाऱ्या चुका हा या सगळ्या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे असे माझे मत आहे. मोडलेले बिल्ड निदान प्रामाणिक असते. लिबजेपीईजी-टर्बोची सगळी कीर्ती तिच्या वेगवान असेंब्ली भागांवर उभी आहे. पण इंटेल प्रोसेसरसाठी बांधताना लागणारा नॅझम असेंबलर सापडला नाही, तर ती एक इशारा देऊन त्या भागांशिवाय बांधली जाते. हजारो ओळींच्या नोंदीत तो इशारा हरवतो. लायब्ररी चालते, चित्रे बरोबर दिसतात, फक्त फार सावकाश, आणि दोष उपकरणाला दिला जातो. वेगवान भाग नसतील तर बिल्डच थांबवा असे सांगणारा पर्याय त्या लायब्ररीत आहे. पोर्टिंग करणाऱ्याने तो चालू ठेवावा.

मराठी वाचकाला ही गोष्ट जवळून भिडेल असे एक उदाहरण आहे. फ्रीटाइप एकेका अक्षराचा आकार काढून देते. देवनागरीत कोणते आकार कोणत्या क्रमाने बसवायचे हे ठरवणे तिचे काम नाही, ते हार्फबझ करते. एसडीएल-टीटीएफसारख्या लायब्रऱ्यांमध्ये हार्फबझ ऐच्छिक आहे. सिसरूटमध्ये ती सापडली नाही, किंवा पर्याय बंद राहिला, तरी बिल्ड यशस्वी होते आणि इंग्रजी मजकूर निर्दोष दिसतो. मग कुणीतरी उपकरणावर मराठी लावते. ‘किल्ला’ या शब्दातली पहिली वेलांटी क-च्या पुढे जाऊन बसते, ‘ल्ल’ जोडले न जाता पाय मोडून उभे राहते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर ओळखूच येत नाही. काही फाँटांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी दिलेली असतात. ती मिळवायची तर हार्फबझ असून भागत नाही, मजकुराची भाषा मराठी आहे हेही तिला सांगावे लागते. ज्याने बिल्ड केले त्याला देवनागरी वाचता येत नसेल तर हे बिघाड त्याला कधीच दिसणार नाहीत. आपल्यातल्या अधिक लोकांनी या विषयात यावे असे मला वाटते त्याचे हे एक ठोस कारण आहे.

हार्फबझच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. फ्रीटाइपचा ऑटोहिंटर हार्फबझचा उपयोग करू शकतो आणि हार्फबझ फ्रीटाइपचा. म्हणून आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधायची, तिच्यावर हार्फबझ, आणि मग फ्रीटाइप पुन्हा. ही दुसरी फेरी गाळली तरीही काही मोडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

उलट प्रकारची, म्हणजे मोठ्याने मोडणारी चूक 2020 च्या अखेरीस ॲपलचे एम-1 संगणक आले तेव्हा अनेकांनी एकदम पाहिली. लिबपीएनजीमध्ये आर्मसाठीचे निऑन भाग वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि 64-बिट आर्म दिसला की तिची हेडरे ते आपोआप चालू करतात. पण कितीतरी प्रकल्पांनी लिबपीएनजीच्या फाइली स्वतःच्या बिल्डमध्ये उचलून ठेवल्या होत्या, आणि उचलताना ते आर्मचे फोल्डर कुणाला लागले नव्हते. लिंकरला निऑनच्या फिल्टर फंक्शनांची सुरुवात करणारे फंक्शन सापडेना. निऑन बंद करणारा मॅक्रो शून्यावर ठेवला की बिल्ड होते, आणि घाईत तेवढे करणे क्षम्य आहे. पण योग्य दुरुस्ती म्हणजे राहिलेल्या फाइली यादीत घालणे. दोन्ही दुरुस्त्या एका ओळीच्या आहेत; पहिली संदेश घालवते, दुसरी कारण.

लिंकरचे आणखी एक वाक्य या वाटेवर प्रत्येकाला भेटते : अमुक फाइल दशांश संख्या व्हीएफपी रजिस्टरांतून पाठवते, तयार होणारी फाइल तसे करत नाही. आर्मवर दशांश संख्या फंक्शनला देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या मिसळत नाहीत. हे निदान बिल्डच्या वेळी कळते. पुढची चूक तेव्हा कळत नाही. डेबियनचा हार्ड-फ्लोट कंपायलर आर्म-7 साठी कोड बनवतो, आणि पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर आर्म-6 चा आहे. पद्धतीचे नाव दोन्हीकडे तेच, त्यामुळे लिंकही होते, आणि बोर्डवर पहिल्याच अनोळखी सूचनेपाशी प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून संपतो.

बिल्ड संपल्यावर उरणाऱ्या दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. कैरो एक पिक्सेल 32 बिटांची एक संख्या म्हणून यंत्राच्या स्वतःच्या बाइटक्रमाने ठेवते, तर लिबपीएनजी लाल, हिरवा, निळा असे बाइट ओळीने देते. मधले रूपांतर लहान टोकाचे यंत्र गृहीत धरून लिहिलेले असेल तर मोठ्या टोकाच्या यंत्रावर रंग बिघडतात. आणि लिनक्सवर सी भाषेतला ‘कॅर’ हा प्रकार इंटेलसाठी चिन्हासह असतो, आर्मसाठी चिन्हाशिवाय. उणे एकशी तुलना करणारे एखादे लूप त्यामुळे आर्मवर कधीच थांबत नाही.

त्रुटी वाचण्याविषयी एक आग्रहाची सूचना. कॉन्फिगर स्क्रिप्ट पडद्यावर जे म्हणते तो निष्कर्ष असतो, पुरावा नसतो. ‘लिबपीएनजी सापडली नाही’ या वाक्याचा अर्थ एवढाच की लिबपीएनजी वापरणारा एक छोटा प्रोग्राम बांधला गेला नाही. का बांधला गेला नाही, हे कॉन्फिग-लॉगमध्ये त्या चाचणीखाली लिहिलेले असते : कदाचित झेडलिब लिंकच्या ओळीत चुकीच्या जागी आली, कदाचित कंपायलरला सिसरूटच मिळाले नाही. मेसनमध्ये त्याची स्वतःची नोंदवही असते. मेसनने ठरवलेल्या आज्ञा चालवणाऱ्या निंजाला प्रत्येक आज्ञा पूर्ण दाखवायला सांगावे आणि जी आज्ञा मोडली ती हाताने चालवून एकेक फ्लॅग काढत जावे. तयार फाइल कोणत्या यंत्राची आहे हे ‘फाइल’ आज्ञेने, आणि तिला कोणत्या लायब्रऱ्या हव्यात हे ‘रीडएल्फ’ने पाहावे. या सवयी लागायला फार दिवस लागत नाहीत.

दुरुस्ती कुठे करायची, हा शेवटचा आणि माझ्या दृष्टीने नैतिक प्रश्न. 64-बिट आर्मची रचना 2011 मध्ये जाहीर झाली आणि यंत्रे बाजारात येऊ लागली, तेव्हा असंख्य पॅकेजे पहिल्याच पायरीला अडली, कारण त्यांच्यासोबत आलेल्या ‘कॉन्फिग-सब’ या जुन्या स्क्रिप्टला हे नावच माहीत नव्हते. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांच्या वेळी तेच पुन्हा झाले. ज्यांनी आपल्यापुरती फाइल बदलली त्यांचे काम झाले. ज्यांनी बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवला त्यांच्यामुळे पुढच्यांचे काम झाले. बिल्डरूट आणि योक्टो ही बिल्डची साधने आणि डेबियन हे वितरण यांच्याकडे, जिला पॅच लागतात अशा प्रत्येक लायब्ररीसाठी पॅचचे फोल्डर असते. बहुतेक पॅचच्या डोक्यावर काय मोडले, का मोडले आणि बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारला का, हे लिहिलेले असते. या विषयाचे खरे वाङ्मय ते आहे, आणि ते सर्वांना खुले आहे. आपली लायब्ररी बांधायला घेण्यापूर्वी त्या लायब्ररीचे फोल्डर वाचावे, म्हणजे निम्म्या अडचणी भेटण्याआधीच ओळखीच्या होतात.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर मेसापासून करू नये. झेडलिब आणि लिबपीएनजी या दोनच घ्याव्यात, डेबियन किंवा उबंटूच्या पॅकेजांतून 64-बिट आर्मचा कंपायलर बसवावा आणि एका रिकाम्या फोल्डरला सिसरूट मानून दोन्ही तिथे बांधाव्यात. एक पीएनजी उघडून तिची रुंदी-उंची छापणारा तीस ओळींचा प्रोग्राम लिहावा आणि तो क्यूईएमयूखाली चालवून पाहावा. नंतर फ्रीटाइप, हार्फबझ आणि पुन्हा फ्रीटाइप असे करत पँगोपर्यंत जावे, आणि पहिली चाचणी म्हणून पडद्यावर ‘दुसऱ्या किल्ल्यावर’ हे दोन शब्द काढून पाहावेत.